चौकटची सत्ती

"हा डाव संपला की उत्तर देतो," गार्डसाहेब म्हणाले आणि पत्ते पिसायला लागले.

मी लोटूमामाकडे बघितलं. मामाने डोळा मारला. नऊ महिन्यांत त्या माणसाच्या तोंडून 'उत्तर' हा शब्द पहिल्यांदा निघाला होता. मला एकदम हुरूप आला. मी मांडी सावरली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कपाळावरचा घाम पुसला. मे महिना, भुसावळ, दुपारचे सव्वातीन. कोपऱ्यातला कूलर घरभर आवाज करत होता आणि वारा मात्र फक्त गार्डसाहेबांना देत होता.

आता या गोष्टीला चाळीस वर्षं झाली, पण त्या डावातला एकेक पत्ता मला अजून आठवतो. काल काय जेवलो ते विचारू नका.

गार्डसाहेब म्हणजे पंढरीनाथ भारंबे. मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, तरी गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. हेमलता त्यांची एकुलती एक मुलगी. आणि मी मुरलीधर सरोदे, वय सत्तावीस, जळगावच्या एका तेलगिरणीत केमिस्ट. ऑगस्टमध्ये लोटूमामा मला ही मुलगी दाखवायला घेऊन आला होता. बघण्याच्या कार्यक्रमात मुली तेव्हा मान वर करत नसत. हिने मान वर केली आणि विचारलं, "तेलात नक्की काय तपासता तुम्ही?" मी वीस मिनिटं सरकीच्या तेलावर बोललो. मामा जांभया देत होता. ती ऐकत होती, आणि मध्ये एकदा तिने असा काही प्रश्न विचारला की आमच्या गिरणीच्या मॅनेजरलाही तो कधी सुचला नव्हता. घरी जाताना गाडीत मी मामाला सांगून टाकलं, हीच. तिनेही त्याच संध्याकाळी आईजवळ होकार दिला होता, हे मामाने कुठून तरी काढून आणलं.

म्हणजे मुलगा तयार, मुलगी तयार, दोन्हीकडच्या आया तयार. राहिले गार्डसाहेब. ते म्हणाले, "कळवतो."

दिवाळी झाली. आम्ही जाऊन आलो. कळवतो. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो. तिळगूळ घेतला, गोड बोलले, आणि कळवतो. होळीला तर मी दारात असतानाच म्हणाले, "अहो, कळवतो म्हटलंय ना." नाही म्हणत नव्हते. नाही म्हटलं असतं तर मी चार दिवस उपाशी राहून मोकळा झालो असतो. सिग्नल लाल नाही आणि हिरवाही नाही, अशी माझी गाडी नऊ महिने बाहेर उभी होती.

शेवटी माझ्या आईचा धीर सुटला. यावलची एक मुलगी होती, तिच्या घरचे मागेच लागले होते. आई म्हणाली, आज भुसावळला जा आणि हो किंवा नाही घेऊन ये. पाचच्या पॅसेंजरने रिकाम्या हाताने परत आलास तर रविवारी यावलला जायचं, आणि तिथे मी हो म्हणून येणार. आईने एकदा बोललेलं मोडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. तेव्हा पाच वाजेपर्यंत काय ते व्हायला हवं होतं.

पण गार्डसाहेबांकडे गेलं की आधी रमी. पैशाने खेळणं त्यांना मंजूर नव्हतं, आणि जोकर त्यांना अजिबात खपायचा नाही. जोकर म्हणजे वशिल्याने मिळालेली बढती, असं त्यांचं मत. बावन्न पत्ते, एकच जोड. प्रत्येकाला तेरा. पाळी आली की गड्डीतून किंवा समोरच्याने टाकलेला एक पत्ता उचलायचा, एक टाकायचा, आणि तेराही पत्त्यांच्या ओळी जुळल्या की रमी. पत्ते वाईट आले तर 'पॅक' म्हणून खाली ठेवायचे, डाव सोडायचा, थोडक्यात सुटायचं.

या पॅकवरून माणसांच्या दोन जाती होतात. लोटूमामा एका जातीचा. त्याने हातात पत्ते घेतले, एक नजर टाकली आणि म्हणाला, "पॅक." पत्ते ठेवले, पलंगावर आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. गार्डसाहेब दुसऱ्या जातीचे. त्यांनी आयुष्यात कधी पॅक केलं नव्हतं. गाडी मध्येच सोडून गार्ड खाली उतरत नाही, असं ते सांगत. हे सांगताना त्यांची मान ताठ होई.

मामाचे पत्ते गड्डीत मिसळले आणि आम्ही दोघंच उरलो.

पत्ते मला बरे आले होते. दहा मिनिटांत दहा पत्ते जुळले. राहिली चौकटची छक्की आणि अठ्ठी. ही अठ्ठी गार्डसाहेबांनीच टाकली होती आणि मी झडप घालून उचलली होती. आता मध्ये सत्ती आली की माझी रमी. तेरावा पत्ता होता बदामची दश्शी, बिनकामाची. ती मी टाकणारच होतो, इतक्यात मला आठवलं की मी टाकलेला बदामचा गुलाम गार्डसाहेबांनी उचलला होता, आणि त्याआधी बदामची नव्वीही. नव्वी आणि गुलाम. म्हणजे यांचं घोडं दश्शीवर अडलंय. मी दश्शी परत हातात ठेवली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग सुरू झालं ते सुरू झालं. मी पत्ता उचलायचो, बघायचो, टाकायचो. ते उचलायचे, चष्मा कपाळावर करायचे, पत्ता जवळ धरायचे, चष्मा खाली आणायचे, आणि टाकायचे. एका पत्त्याला इतका वेळ की तेवढ्यात एखादी मालगाडी फाटक ओलांडून जावी. गड्डी संपली. टाकलेले पत्ते पिसून पुन्हा ठेवले. पुन्हा संपली. पुन्हा पिसले.

तिसऱ्या फेरीला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गड्डीतले सगळे सव्वीस पत्ते आतापर्यंत माझ्या नजरेखालून गेले होते. त्यात सत्ती नव्हती. मग ती कुठे असणार? समोर. मी त्यांची अठ्ठी उचलली ते त्यांनी बरोबर हेरलं होतं, आणि मी जशी त्यांची दश्शी धरून बसलो होतो तसे ते माझी सत्ती धरून बसले होते. गणित पहिलीच्या पोराला येईल असं होतं. सत्ती येणार नव्हती. त्या दुपारी नाही, त्या वर्षात नाही.

आणि तरी सांगतो, गड्डीला हात लावताना दर वेळी मी मनात म्हणायचो, सत्ती. मी केमिस्ट माणूस. बी.एस्सी. फर्स्ट क्लास. कोणी मला म्हणालं असतं की तेलाच्या रिकाम्या डब्यात पुन्हा पुन्हा बघितलं की तेल दिसेल, तर मी त्याला हसलो असतो.

मध्ये एकदा मामाला जाग आली. पलंगावरूनच त्याने माझ्या पत्त्यांकडे मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "अरे, ती जोड मोड ना. दुसरं काहीतरी लाव. नाहीतर पॅक कर." गार्डसाहेबांनी करड्या आवाजात सांगितलं की डाव सोडलेल्या माणसाने बोलायचं नसतं. मामा कूस बदलून पुन्हा झोपला. मलाही त्याचा रागच आला. दहा पत्ते जुळलेत, एकासाठी अडलंय, आणि हा म्हणतो सोड. आणि आपण हरलेलं गार्डसाहेबांनी बघायचं? हरलेल्या माणसाला मुलगी कोण देईल, असं मला तेव्हा अगदी प्रामाणिकपणे वाटत होतं.

चारला हेमलता पन्ह्याचे ग्लास घेऊन आली. गार्डसाहेबांच्या, म्हणजे तिच्या अण्णांच्या, पाठीमागून येऊन तिने त्यांच्यापुढे ग्लास ठेवला, मग माझ्या पाठीमागून येऊन माझ्यापुढे ठेवला. क्षणभर थांबली. मला वाटलं, ती माझ्याकडे बघतेय. ती पत्त्यांकडे बघत होती. मी पन्हं प्यायलो नाही, तिच्याकडे नीट बघितलंही नाही, कारण माझी पाळी होती. हे मी आज कबूल करतो. ज्या मुलीसाठी नऊ महिने चपला झिजवल्या ती हातभर अंतरावर उभी होती आणि मी गड्डीकडे बघत होतो.

सव्वाचार झाले. साडेचार व्हायला आले. ती ग्लास न्यायला परत आली. दोन्ही ग्लास भरलेलेच. तिने ते उचलले नाहीत. सतरंजीच्या कडेला उभी राहिली, पदर खोचला, आणि माझ्याकडे बघून अगदी शांतपणे बोलली.

"तुम्ही सत्ती न्यायला आलात का?"

गार्डसाहेबांनी चष्मा खाली आणला.

"अण्णांनी सांगितलं होतं की डाव संपला की उत्तर देतो," ती म्हणाली. "जिंकला तर देतो, असं नव्हतं सांगितलं. तुम्ही साडेतीनलाच पॅक केलं असतं तर डाव तेव्हाच संपला असता. उत्तर तेव्हाच मिळालं असतं."

मला कोणीतरी भर चौकात मुस्काटात मारल्यासारखं झालं. खरंच की. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझे कान तापले, आणि ते भुसावळच्या उन्हाने नव्हे. गार्डसाहेबांच्या मिशीखाली बारीक हसू आलं. तेवढ्यात ती त्यांच्याकडे वळली.

"आणि अण्णा, तुम्हाला हवी ती दश्शी यांच्या हातात आहे. तासाभरापासून. ते टाकणार नाहीत. आणि नागपूरचं पत्रही येणार नाही."

कूलरचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. नागपूरचं काय, ते मला ठाऊक नव्हतं. गार्डसाहेबांचं हसू मिशीखालीच विरलं.

"त्यांचं लग्न डिसेंबरात झालं," हेमलता म्हणाली. "पत्रिका आली होती."

"कुठे आहे?" गार्डसाहेबांनी विचारलं. आवाज अगदी हळू.

स्वयंपाकघराच्या दारातून काकू, म्हणजे हेमलताची आई, बोलल्या, "पिठाच्या डब्याखाली. तुमचं ब्लडप्रेशर वाढेल म्हणून ठेवली. दाखवू?"

मग हळूहळू मला उलगडा झाला. माझ्याआधी वर्षभर नागपूरचा एक इंजिनीअर हेमलताला बघून गेला होता. मोठा पगार, मोठं घर. त्याच्या घरच्यांनी जाताना सांगितलं होतं, "कळवतो." आणि तेव्हापासून गार्डसाहेब रोज पोस्टमनला अडवून विचारत होते, नागपूरचं काही आहे का. त्यांनी मला नऊ महिने ताटकळत ठेवलं होतं खरं, पण ते स्वतः पावणेदोन वर्षं ताटकळत होते. त्या क्षणी मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. तो आला नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला माझाच चेहरा दिसला, सत्तीची वाट बघणारा.

"मला कोणी सांगितलं का नाही?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आम्हाला विचारलं कुठे," हेमलता म्हणाली. "तुम्ही पोस्टमनला विचारत होता."

त्यांनी पत्ते गोळा केले. मीही केले. आणि खरं सांगतो, ठरवून नव्हे, आम्ही दोघंही एकाच क्षणी म्हणालो, "पॅक."

मग पुढची पाच मिनिटं जे झालं ते कोणाला सांगूनही खरं वाटणार नाही. आधी कोण पॅक झालं यावर आमचा वाद झाला. मी म्हणालो, मी आधी, तुम्ही जिंकलात. ते म्हणाले, छे, माझा शब्द अर्धा सेकंद आधी निघाला, जिंकलात तुम्ही. तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस, तो अर्ध्या सेकंदावर हटून बसला. आयुष्यात पहिल्यांदा पॅक केलं होतं, तर ते तरी पहिल्या नंबराने झालं पाहिजे, असं त्यांचं चाललं असावं. शेवटी काकूंनी दारातून सांगितलं की दोघंही हरलात, आता पुढचं बोला.

गार्डसाहेबांनी घसा साफ केला. शब्द दिला होता, डाव संपला होता. त्यांनी तोंड उघडलं.

"थांबा अण्णा," हेमलता म्हणाली. "नऊ महिने तुम्ही विचार केलात. आता मला दहा मिनिटं करू द्या. मी कळवते." आणि ती आत निघून गेली.

राहिलो आम्ही दोघं, समोरासमोर, सतरंजीवर. मामा घोरतच होता. गार्डसाहेबांनी हात लांब करून माझे पत्ते उलटे केले. वरच बदामची दश्शी निघाली. मी त्यांचे उलटे केले. सत्ती होतीच.

"दाबून धरली होतीत," ते म्हणाले.

"तुम्हीपण."

"हो." ते दश्शीवर बोट फिरवत राहिले. "तुम्ही टाकली असती तर मी जिंकलो असतो. जिंकलेला माणूस खुशीत असतो. खुशीत मी हो म्हणून गेलो असतो. का नाही टाकलीत?"

मी आतल्या दाराकडे बघायला लागलो. मग माझ्या लक्षात आलं की तेही माझ्यासारखेच आतल्या दाराकडे बघताहेत. दोघांनाही घाम फुटला होता. त्यांनी उठून कूलरचं तोंड थोडं माझ्याकडे वळवलं आणि परत येऊन बसले. पन्ह्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. कोमट झालेलं पन्हं आम्ही दोघांनी पिऊन टाकलं. भिंतीवरचं घड्याळ पावणेपाचला टेकलं. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, मग यावल आलं.

हेमलता बाहेर आली ती पायात चपला आणि हातात छत्री घेऊन.

"यांची पाचची गाडी चुकेल," ती म्हणाली. "मी स्टेशनपर्यंत जाऊन येते."

त्या काळी, त्या गावात, लग्न न ठरलेली मुलगी परक्या मुलाबरोबर भर रस्त्याने स्टेशनला जाते, ही गोष्ट साधी नव्हती. गार्डसाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"ऊन आहे," ते म्हणाले.

"छत्री आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात मामाला जाग आली, तो धडपडत उठून चपला शोधायला लागला. गार्डसाहेबांनी त्याला खाली बसवलं. "लोटूराव, तुम्ही सातच्या गाडीने जा. बसा, वाटतो." मी वळून बघितलं तेव्हा ते पत्ते पिसत होते आणि मामा गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत होता.

रस्ता तापलेला होता. एकच छत्री, ती तिने धरलेली, आणि मी अर्धा उन्हात. दोन्हीकडच्या ओट्यांवरून बायका बघत होत्या. तिने त्यातल्या दोघींना नावाने हाक मारून "काय काकू, झोप झाली का?" असं विचारलं, तेव्हा त्यांनाच इकडेतिकडे बघावं लागलं. मी उत्तराची वाट बघत होतो. मला वाटलं, आपणच काहीतरी चांगलं बोलावं.

"मी अजून वर्षभरही थांबलो असतो," मी म्हणालो.

"रविवारी यावलला जाऊन मग थांबला असता का?"

मी जागच्या जागी उभा राहिलो. ती छत्रीसकट दोन पावलं पुढे गेली आणि थांबली.

"लोटूमामांनी आल्या आल्या आईला सांगितलं," ती म्हणाली. "चला, उन्हात उभे राहू नका."

मी सफाई द्यायला लागलो. आईचा आग्रह, माझी इच्छा नव्हती, वगैरे. माझं मलाच ते ऐकवेना. ती मध्येच म्हणाली की त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. रविवारी तिच्याकडेही चोपड्याचा एक मुलगा येणार होता. शिक्षक. तिने आईला दुपारीच सांगून ठेवलं होतं, आज पाचच्या गाडीने हे तसेच गेले तर चोपड्याच्यांना हो म्हणायचं. अण्णांना नंतर सांगू.

म्हणजे मी तिथे बसून गड्डी उचलत होतो, एकेक पत्ता टाकत होतो, आणि आत एक बाई घड्याळ बघत होती. मला वाटत होतं, डाव आमच्या दोघांचा चालला आहे.

"नऊ महिने थांबले मी," ती म्हणाली. आता तिचा आवाज मघासारखा शांत नव्हता. "तुमच्यासाठीच थांबले. सरकीच्या तेलावर इतकं मन लावून बोलणारा माणूस मला पुन्हा भेटला नसता. पण जन्मभर कोणी थांबत नसतं हो. मी आज पाचपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. त्याच्यापुढे नाही."

आम्ही स्टेशनच्या दारात पोचलो होतो. मी वरच्या घड्याळाकडे बघितलं. पाचला सहा मिनिटं होती. मला एकदम रडू येईल असं वाटलं, आणि इतक्या लोकांत रडायचं कसं म्हणून मी घड्याळाकडेच बघत राहिलो.

तिने छत्री मिटली.

"तिकडे काय बघताय," ती म्हणाली. "जा, माझं प्लॅटफॉर्मचं तिकीट काढा."

मी पळत सुटलो.